मल्लव्वाची हाक

खूप खूप वर्षांमागची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एक गाव होतं. गावाची सगळी गुरं एकच गुराखी रानात न्यायचा. रोज सकाळी तो वेशीवर उभा राहून हाक द्यायचा, की घरोघरची जनावरं आपणहून बाहेर पडायची. म्हाताऱ्या गुराख्याचे गुडघे गेले, तेव्हा नवा गुराखी निवडायला पंच चावडीवर बसले.

दोघं जण आले. एक गावातलाच गडी. मागच्या पावसाळ्यात राखायला दिलेली वासरं त्यानं झोपेत हरवली होती, पण हाक मात्र अस्सल गावची! दुसरी मल्लव्वा. डोंगरापलीकडच्या मुलखात दुष्काळ पडला, म्हणून लेकीला घेऊन इकडे आलेली. सगळा जन्म तिचा गुरांमागे गेला होता. इथे काम मिळालं नाही, तर मायलेकींना उपाशीपोटी पुढे जावं लागणार होतं.

तिनं हाक देऊन दाखवली. हेल वेगळा, शब्दाचं शेपूट लांबवून वर उचलणारा. पंच गालातल्या गालात हसले.

पाटील गोड आवाजात म्हणाले, "बाई, आमचं काही म्हणणं नाही हो. पण आमच्या गुरांना तुझं बोलणं कळायचं नाही."

मल्लव्वा रडली नाही की चिडली नाही. म्हणाली, "पाटील, मग गुरांनाच विचारू द्या. बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत द्या. तोवर ती माझ्या हाकेला आली नाहीत, तर मी माझ्या वाटेनं जाईन."

काय हिंमत बाईची! पाटलांना नाही म्हणता येईना.

दुसऱ्या सकाळी तिनं वेशीवरून हाक दिली. एकही जनावर हललं नाही. गावानं पोट धरून हसून घेतलं. त्या गड्यानं तर तिची नक्कलही करून दाखवली.

मल्लव्वा गोठ्यागोठ्यात गेली. गुरांचे गोचीड काढले, मानेखाली खाजवलं, तळहातावरचं मीठ चाटवलं आणि प्रत्येक जनावराच्या कानाशी तीच हाक हळूच दिली. मग त्यांना रानात नेलं. रोज हेच चाललं. लोक हसतात म्हणून हेल मात्र तिनं जराही बदलला नाही. मला तर तिचं हेच फार आवडतं.

बाजाराचा दिवस उजाडला. सगळा गाव वेशीवर जमला. मल्लव्वानं हाक दिली आणि गल्लीगल्लीतून गळ्यातल्या घंटा वाजू लागल्या. गाई आल्या, म्हशी आल्या. पाटलांची मारकी गाय तर वाटेत उभ्या असलेल्या पाटलांनाच ढुशीनं खाली पाडून पुढे गेली. लोक पुन्हा हसले, पण या वेळी पाटलांना.

पाटील धोतर झटकत उठले. माणूस मनाचा मोठा, चूक सगळ्यांसमोर कबूल केली. "नाव मी गुरांचं पुढे केलं, अडचण होती माझ्याच कानांची. गुरं ऐकायला तयार झाली, मी तेवढाही झालो नाही. मल्लव्वा, आजपासून गुरं तुझ्या हवाली."

मायलेकींना गावात घर मिळालं. आणि गावानं नियम केला: माणूस कामाला ठेवताना आधी त्याचं काम बघायचं. गाव कुठलं, मुलूख कुठला, हे मग निवांत, त्याला जेवायला बसवून विचारायचं.

तात्पर्य: माणूस कामावर घेताना त्याचं काम पाहावं, त्याचा मुलूख आणि बोलण्याचा हेल पाहू नये.