वगळलेलं गाव

"एका गावासाठी अख्खा प्रबंध अडवून ठेवायचा का, सर?"

एवढं विचारून सुजित म्हसे खुर्चीत मागे रेलला. कृषी अर्थशास्त्रातला सुवर्णपदकवाला गडी तो, आणि हे समोरच्याला विसरू द्यायची त्याला सवय नव्हती.

दरंदले सर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. निवृत्तीला टेकलेला माणूस, टेबलावर कागदांपेक्षा टरफलंच जास्त.

"कुठलं गाव?"

"बोरतळं. बाकी सगळ्या गावांत माझं सूत्र चपखल बसतं. ज्याच्या शेतावर कालव्याचं पाणी आधी येतं, तो हात मारून घेतो. शेवटच्याला ओलसुद्धा मिळत नाही. माणूस असाच वागणार."

"आणि बोरतळ्यात?"

"तिथे शेवटच्या शेताला पाणी पोचतं. पहारा नाही, दंड नाही... का पोचतं, ते त्यांनाही धड सांगता येत नाही. अपवाद म्हणून वगळतो, सर. मग प्रबंध या महिन्यात जाईल."

"वगळ की."

सर इतक्या सहज राजी होतील असं सुजितला वाटलं नव्हतं.

"निष्कर्ष काय लिहिलास?"

"पाणी लोकांच्या हाती सोडू नये. ते आपसात कधीच वाटून घेणार नाहीत."

बोलताना त्याचा आवाज उगाच चढला. मुळात हा विषय त्याने घेतला होता आपल्या गावासाठी. गाव कालव्याच्या अगदी शेपटाला. सुट्टीत घरी गेला की म्हातारी माणसं विचारायची, "तुझ्या शिक्षणानं आपल्याकडं पाणी येईल का रं?" आता त्यांना नाही म्हणून सांगायचं होतं. गणित बरोबर आल्याचं इतकं दुःख त्याला आजवर कधी झालं नव्हतं.

सरांनी दाणे तोंडात टाकले.

"बरं. निघण्याआधी मागच्या वाफ्यांना दारं धरून पाणी देऊन ये. पोरं परीक्षेला बसलीत. टाकी अर्धीच भरलीय, तेवढ्यात भागव."

सरांचा हा एक जगावेगळा नियम होता. त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्याने कितीही आकडेमोड करावी, पण पहिल्या वर्षाच्या पोरांच्या ओळीत स्वतःचा एक वाफा लावायचाच. सुजितने नाक मुरडत मेथी लावली होती. वाफा मात्र टाकीला अगदी लागून मिळाला होता.

त्याने टाकीचा कॉक सोडला. पाणी पाटातून धावलं आणि सगळ्यात आधी त्याच्याच मेथीपाशी आलं. वाफ्याच्या तोंडाशी मातीने बुजवलेलं दार फोडायला त्याने फावडं उचललं...

आणि सहज ओळीच्या टोकाकडे पाहिलं.

तिथे कुणाची तरी कोथिंबीर मान टाकून उभी होती. असली पिकं तो लहानपणापासून बघत आला होता.

त्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि पाटाच्या कडेने चालत शेवटच्या वाफ्याशी गेला.

परत आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

"सगळे भिजले?" सरांनी विचारलं.

"शेवटापासून भिजवत आलो. माझ्या मेथीपाशी येईस्तोवर टाकी संपली."

"तुझा वाफा तर पहिला."

"हो."

"बघायला कोण होतं?"

"कुणीच नाही."

"मग? का असं केलंस?"

सुजितने तोंड उघडलं. सहा वर्षांत वाचलेलं काहीही मदतीला येईना.

"ते... सर, तसं काही... म्हणजे मला धड सांगता येणार नाही."

आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. कितीतरी दिवस छातीवर बसलेलं ओझं जरासं हललं, आणि त्याला आपला तो निष्कर्ष फाडून टाकावासा वाटू लागला.

सरांनी मूठभर शेंगा त्याच्या चिखलाच्या हातात ठेवल्या.

"सकाळपर्यंत ते गाव एकटंच होतं, सुजित. आता तुम्ही दोघं झालात."