ओशिनोची दोरी

पूर्वी उगवतीकडच्या एका बेटावर शूर पण तापट राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तामेझो नावाचे चिलखतकार होऊन तेथे राहत होते. लोखंडाच्या पट्ट्या जोडून ते शिरस्त्राण घडवीत, त्यावर काळे रोगण चढवीत. हनुवटीखाली बांधायची रेशमी दोरी मात्र त्यांची पत्नी ओशिनो विणीत असे. त्या दोरीने माजलेला बैलही आवरेल, असे सैनिक म्हणत.

त्या देशाचा कायदा निर्दय होता. जो रणातून पळेल त्याच्या बायकामुलांना गुलाम म्हणून विकत.

एका लढाईत इवामा नावाचा सरदार डोक्यात घाव बसून पडला. त्याचे शिरस्त्राण दूर चिखलात सापडले; शाबूत, पण दोरीवाचून. त्याचा मुलगा कात्सुरो ते घेऊन दरबारात आला आणि रडत म्हणाला, "महाराज, या कारागिराची दोरी ऐन वेळी तुटली. माझ्या वडिलांना यानंच मारलं."

बोधिसत्त्वांनी शिरस्त्राण हातात घेतले. दोरी तुटली असती तर ती ओवायच्या कड्या ताणून वाकल्या असत्या. त्या जशाच्या तशा होत्या. पळताना ओझे नको म्हणून इवामाने स्वतःच गाठ सोडली होती आणि सुटी दोरी कड्यांतून निसटून गेली होती. एवढे बोलले असते तर बोधिसत्त्व सुटले असते, आणि कात्सुरोची आई व बहिणी बाजारात उभ्या राहिल्या असत्या.

"काय म्हणणं आहे तुझं?" राजाने विचारले.

"दोरी माझ्या घरची आहे, महाराज. जाब मीच देईन."

राजाने त्यांचे दोन्ही अंगठे तोडविले. बिचाऱ्या कात्सुरोला वाटले, न्याय झाला.

घरी ओशिनोने जखमा बांधल्या. मग ती म्हणाली, "माझी दोरी तुटली नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं. पण मेलेल्याची झाकली मूठ उघडली असती, तर ती पोरं देशोधडीला लागली असती."

"मला विचारलं असतंत, तर मीही गप्पच राहिले असते. पण विचारायचं तरी होतंत."

त्यानंतर तिच्याकडे दोरी मागायला कोणी आले नाही. लोकांची भांडी घासून तिने पोट भरले, आणि बोधिसत्त्वांना त्यांच्या अखेरपर्यंत आपल्या हाताने घास भरविला. कात्सुरो वाटेत भेटला तर ती बाजूला होऊन त्याला वाट देई, पण एका शब्दाने काही बोलत नसे. हे सांगताना आजही जीव तुटतो.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कात्सुरो म्हणजे हा इथे बसलेला भिक्षू मणिभद्र. तामेझो मी होतो. आणि ओशिनो म्हणजे राहुलमाता, माझी गृहस्थाश्रमातली पत्नी."

मग मणिभद्राने हात जोडून विचारले, "भगवन्, त्या जन्मी आपण क्षांतीचे, सारे सोसून क्षमा करण्याचे व्रत पूर्ण केलेत ना?"

"माझे दुःख मी निवडले होते," शास्ता म्हणाले. "तिच्यावर ते येऊन पडले. त्या घरातली क्षांती तिची होती."