खिचडीची चाचणी

"मग तुम्ही खाणार तरी केव्हा, भंतेजी?"

डॉ. शार्दूल पाठराबे खाटेपाशी उभे होते. एका हातात रक्ताच्या तपासणीचा कागद, दुसरा हात कमरेवर. शेजारच्या टेबलावर मुगाची पातळ खिचडी वाफाळत होती.

"उद्या सकाळी," भदंत धम्मसार म्हणाले.

"पण कागद म्हणतोय, आत्ता खायला हरकत नाही."

"कागदाला भूक लागली असेल, तर त्याला वाढा."

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांना सहसा येतही नसे.

भंतेजींच्या पित्तनळीत खडा अडकला होता. सकाळी पाठराब्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढला. खडा गेला, कावीळही उतरेल. पण या कामात एक खोड आहे. पित्तनळीच्या तोंडाशीच स्वादुपिंडाची नळी उघडते. ती दुखावली गेली, तर काही तासांनी स्वादुपिंडाला सूज येते. कुणाला येते, कुणाला नाही. आली की माणूस गुरासारखा ओरडतो, आणि कधी कधी हातचा जातो.

म्हणून पूर्वी अशा रोग्यांना रात्रभर ठेवून घेत. पाठराब्यांनी ती पद्धत मोडली. दुर्बीण काढल्यावर चार तासांनी रक्त घ्यायचं, त्यातला अमायलेजचा, म्हणजे स्वादुपिंड दुखावलं की रक्तात वाढणाऱ्या पाचकरसाचा, आकडा पाहायचा. आकडा कमी आला की रोग्याला खिचडी द्यायची. खाऊन पोटात दुखलं नाही, की संध्याकाळच्या आत घरी. जिल्ह्यात हे पहिल्यांदा त्यांनी सुरू केलं, आणि ते समोरच्याला दोनदा तरी सांगत.

भंतेजींचा आकडा कमी आला होता. अडलं होतं ते खिचडीपाशी. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, आणि कागद आला तेव्हा दुपार कलून गेली होती.

दारातून गजभियांनी डोकं आत घातलं. ते विहाराचे उपासक, जीप घेऊन आले होते.

"भंतेजी, गाडी लावू का जी? जंगलातलं फाटक दिवस बुडाला का बंद करतेत. मंग रातभर इकडंच अडकून राहू."

"डॉक्टरांना विचारा."

"खाल्ल्याशिवाय मी सोडत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचा विहार जंगलापलीकडे. तिथे रात्री पोटात कळ आली, तर फाटक उघडणार कोण? मी नियम केला आहे. खायचं, दुखलं नाही तर जायचं."

"चांगला नियम आहे," भंतेजी म्हणाले.

"मग खा ना!"

"माझाही एक आहे."

…

डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं, पण बसले नाहीत.

"असं करा. औषध म्हणून खा. आजारी भिक्खूला औषध चालतं, मला ठाऊक आहे."

"चालतं. मी आजारी आहे का?"

"नाही! तेच तर सांगतोय. तुमचा आकडा उत्तम आहे. तुम्ही ठणठणीत आहात."

"मग औषध कशाला?"

"बरं, समजा आजारी आहात."

"मग घरी कशाला सोडता?"

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं. आकडा होता तिथेच होता, पण आता तो नेमकं काय सांगतोय ते त्यांना कळेनासं झालं.

गजभियांनी एकदा भंतेजींकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे. "म्हंजे गाडी लावू का नको जी?"

ते बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

"हे पाहा भंतेजी," डॉक्टरांचा आवाज चढला, "काहीही होणार नाही. मी सांगतो ना."

"नक्की?"

"नक्की."

"मग मला खाताना तुम्हाला कशाला पाहायचं आहे?"

…

खिचडीवर साय धरू लागली होती.

भंतेजींनी उशाचं भिक्षापात्र उचललं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. कागद मध्ये येत होता. डॉक्टरांनी तो खिशात कोंबला.

"उद्या नाही तर परवा मी हे घेऊन गावात निघेन. यात काय पडेल?"

"ते मी कसं सांगणार? भात पडेल. भाकरी पडेल."

"बरं, काय पडणार नाही, ते सांगा."

डॉक्टरांनी पात्रात पाहिलं. ते रिकामं आणि घासून लख्ख होतं.

"धोंडा पडणार नाही."

"तुमचा कागदही एवढंच सांगतो ना?"

"हो! हेच!" डॉक्टरांचा चेहरा खुलला. दिवसभरात पहिल्यांदाच कुणाला तरी नीट समजलं होतं. "हेच मी सगळ्यांना घसा फोडून सांगतो. आकडा जास्त आला म्हणून सूज येईलच असं नाही. पण कमी आला तर सहसा येत नाही. काय होईल ते नाही, काय होणार नाही ते कळतं!"

"एकदा पडला होता," भंतेजी म्हणाले.

"काय?"

"धोंडा."

डॉक्टरांनी पुन्हा पात्रात पाहिलं.

"कुणी टाकला?"

"एका म्हाताऱ्याने. चांगला मुठीएवढा."

"का?"

"कळलं नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या दारात गेलो."

"पुन्हा? का?"

"घर वाटेत होतं."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. आपण इथे काय समजावायला आलो होतो आणि काय ऐकत बसलो आहोत, याचा त्यांना काही मेळ लागेना. त्यांनी पात्र खाटेवर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"सकाळी," ते हळू म्हणाले, "तार चुकली होती."

"कसली तार?"

"दुर्बिणीतून एक बारीक तार घालतो. ती पित्तनळीत जायला हवी. ती स्वादुपिंडाच्या नळीत गेली. काढली, घातली, पुन्हा तिथेच गेली. असं झालं की सूज यायची भीती वाढते."

"हे कागदावर आहे?"

"नाही."

"कुठे आहे?"

डॉक्टरांचा उजवा हात मांडीवर होता, त्याची बोटं आपली आपण मिटली.

…

खिडकीतलं ऊन भिंतीवरून छताला गेलं. दारात पुन्हा गजभिये आले.

"भंतेजी, आता निघालो तर फाटक भेटते. नाही तर गेलं."

भंतेजी डॉक्टरांकडे पाहत राहिले. डॉक्टर जमिनीकडे.

"दुखतंय का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी दुपारपासून एकदाही विचारला नव्हता.

"आत्ता नाही."

"दुखेल का?"

"हे तुम्ही मला विचारता?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग मान वर न करता म्हणाले, "गजभिये, तुम्ही जा. भंतेजी आज इथेच राहतील."

"पर तुम्ही तं म्हणत होते, आकडा चांगला हाये?"

"आहे."

"मंग?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं, आणि सगळ्यात जास्त दचकले ते स्वतःच.

गजभियांनी हात जोडले, "सकाळीच येतो जी," म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

…

डॉक्टर उठले. ॲप्रन काढून हातावर घेतला. दारापर्यंत गेले, परत आले. चादर नीट केली. सलाइनची नळी नीटच होती, तीही नीट केली. पुन्हा दारापर्यंत गेले.

"सिस्टरना सांगून ठेवलं आहे. जरा जरी दुखलं तरी मला फोन करतील. माझं घर जवळच आहे."

"बरं."

"म्हणजे मी इथे थांबून काही उपयोग नाही. बसून राहिल्याने सूज थांबत नाही."

"नसेल थांबत."

डॉक्टर उंबऱ्यावरच घोटाळले. त्यांच्यासारखा माणूस असा कधी कुणी पाहिला नव्हता. शेवटी अगदी रोग्यासारखं त्यांनी विचारलं,

"भंतेजी… मी घरी जाऊ का?"

भंतेजींनी टेबलावरची खिचडी त्यांच्याकडे सरकवली.

"सकाळपासून काही खाल्लं आहे?"

"नाही."

"मग आधी खा. तुमचाच नियम आहे."

डॉक्टर स्टुलावर बसले. चमचा भरला. खिचडी गार होऊन घट्ट झाली होती. पहिला घास तोंडात गेला आणि तोंडातच फिरत राहिला. त्यांनी तो या गालातून त्या गालात नेला. डोळ्यांत पाणी आलं, घास काही खाली जाईना.

"उतरत नाही," ते कसेबसे म्हणाले.

भंतेजींनी पाय आखडून घेतले आणि खाटेच्या कडेला जागा केली.

"मग आज इथंच राहा, डॉक्टर."