राघूसाठी मांजर

मांजरं विचारलं की उत्तर देत, त्या काळातली गोष्ट. उंदीर सूत कुरतडू लागले, म्हणून विणकर यमुनाक्का मांजर आणायला शेजारणीकडे गेली. तिथे दोन मांजरी होत्या. अक्काला घरच्या म्हाताऱ्या पोपटाची, राघूची काळजी होती. तिने दोघींना विचारलं, "माझ्या राघूचं काय करशील?"

पांढरी म्हणाली, "अक्का, मी त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही."

करडी म्हणाली, "पिंजरा उघडा राहिला, तर खाईन."

अक्काने करडीला उचललं.

घरी सगळं ऐकून राघू भडकला. "अगं, पांढरी शब्द देत होती ना!"

"तिच्या शब्दावर मी पिंजरा उघडा टाकला असता," पिंजऱ्याला नवी कडी बसवत अक्का म्हणाली.

करडीने कडी पंजाने ओढून पाहिली आणि ती उंदरांच्या मागे गेली.