सातवा बार

ख्रिस्तदास महाराज त्या वर्षी बोरखेडे गावी मुक्कामाला होते. गावाबाहेरचे कुडाच्या भिंतींचे लहानसे प्रार्थनाघर, तेच त्यांचे घर. लांबलचक उपदेश त्यांना जमत नसे. एके रविवारी महाराज एवढेच म्हणाले, "प्रभूच्या माणसाचा शब्द असा असावा, की परक्याने त्यावर डोळे मिटून पाऊल टाकावे." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागते! पण मागे बसलेल्या याकोब भालेरावच्या काळजात तो शब्द रुतून बसला, कारण त्याचे कामच तसे होते.

याकोब विहिरींत सुरुंग लावायचा. खडकात भोके पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचे आणि आडोशाला बसून बार मोजायचे. वाती तेवढे बार झाले, की पेटवणाऱ्यानेच काठावर उभे राहून "मोकळी!" अशी हाळी द्यायची. त्या हाळीवाचून कुणी विहिरीत उतरायचे नाही, असा त्या कामातला दंडक होता.

त्या दिवसांत गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर खणली जात होती. मुकादम तात्याबा मोठा तोऱ्याचा गडी. "आज सांजच्या आत पाणी दावतो," असे त्याने पंचांना छातीठोकपणे सांगून टाकले होते, आणि पंच भर दुपारीच नारळ घेऊन हजर झाले होते! याकोबने सात वाती पेटवल्या, काठावरच्या यारीला, म्हणजे दांड्याने फिरवायच्या रहाटाला, दोराने टांगलेल्या लोखंडी डोलात बसून तो वर आला आणि बार मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. मग पाचवा, सहावा. आणि मग काहीच नाही.

धूर निवळला. याकोबने बोटांवर पुन्हा मोजले.

"म्हण की मोकळी," तात्याबा म्हणाला.

"सहाच झालं, मुकादम. एक आत हाय. आज कुणी उतरू नगा."

"शेवटचं दोन एकदमच झालं की रं! रविवारी गाणी म्हणून म्हणून कान गेलं व्हय तुझं?"

पंच हसले, गडी हसले. तात्याबा जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चारचौघांत माझं हसं करू नगंस. मोकळी म्हण, न्हाईतर पहार उचल आन् चालू लाग. ह्या पंचक्रोशीत तुला कोण काम देतंय, ते बघतोच."

याकोबने पहारेकडे पाहिले. घरी बायको बाळंतीण होती. आणि आपलेच मोजण्यात चुकले असेल तर? एकच तर शब्द! तो म्हणायला त्याने तोंड उघडलेही. पण त्या शब्दावर कुणीतरी पाऊल टाकणार होते.

"सहाच," तो म्हणाला. आवाज इतका कापत होता, की त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"भेकड कुठला! तू बस हितंच," असे म्हणून तात्याबा स्वतःच डोलात बसला. गड्यांनी यारीचा दांडा फिरवायला सुरुवात केली. डोल खाली जाऊ लागला तसा याकोब मटकन गुडघ्यांवर बसला. हात जोडले, पण प्रार्थनेचे शब्दच सुचेनात. "महाराज, सांगा हो प्रभूला!" एवढेच कसेबसे तोंडातून निघाले.

डोल अर्ध्यावर गेला आणि थांबला. चार गडी दांड्याला लोंबकळले, तरी दांडा तसूभर हलेना.

"सोडा की रं!" आतून तात्याबा ओरडला.

"उलटा फिरवा!" याकोब धावला. दांडा उलटा फिरवताच डोल सुपासारखा हलका होऊन वर आला. तात्याबा शिव्या देत काठावर उतरला, यारीपासून चार पावले दूर आला, आणि सातवा बार झाला!

धोंडे आभाळात उडाले. डोलाच्या चिंधड्या झाल्या. पंचांच्या हातचा नारळ कुठल्या कुठे गेला. तात्याबाचे दात वाजत होते.

याकोबने महाराजांना घातलेली साद सगळ्यांनी ऐकली होती; सगळे तसेच धुळीने माखलेले प्रार्थनाघराकडे धावले. दारातल्या म्हाताऱ्या मार्थाबाई घाबऱ्याघुबऱ्या सांगू लागल्या, "महाराज दुपारपासनं बसल्या जागचं हललं न्हाईत. मधीच मुठी आवळल्या आन् म्हणालं, 'प्रभो, दोर धरून ठेवा, माझ्या याकोबनं खरं सांगितलंय.' घामानं निथळत होतं हो!"

आत महाराज शांत बसले होते. त्यांचे दोन्ही तळवे दोर काचल्यासारखे सोलवटून निघाले होते!

तात्याबाने पटका काढून त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. महाराजांनी पाय मागे घेतले. ते म्हणाले, "धरणारा प्रभू आहे, बाबा. आणि विहिरीची हाळी अजून व्हायची आहे. ती याकोबची."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा डोल बांधला. तात्याबा काठावर उभा होता. सगळ्या गड्यांदेखत त्याने याकोबपुढे मान लववली आणि म्हणाला, "याकोबदादा, तुम्ही म्हणा."

याकोबने विहिरीत डोकावून पाहिले. मनातल्या मनात सातही बार पुन्हा मोजले.

"मोकळी!"

तात्याबाने डोळे मिटले आणि डोलात पाऊल टाकले.