विकारी संवत्सराची कोरी शिळा

"विकारी संवत्सर संपत आलं. या वर्षातली आमच्या दरबारची एकूण एक कविता पाडव्याच्या आत डोंगराच्या कड्यावर कोरली गेली पाहिजे. नाहीतर खाण सोडा आणि गावाची शीव ओलांडा!"

चंदनगडच्या गंभीरराजाचा हा हुकूम ऐकून भिवा पाथरवटाच्या हातातली छिन्नी गळून पडली. पाडवा आठ दिवसांवर आणि कविता चार पेटारे भरून. चांगला कारागीर दिवसाकाठी चार ओळी कोरतो. सात पिढ्यांची खाण हातची गेली, हे म्हाताऱ्याला स्वच्छ दिसत होतं.

त्या वर्षी चंदनगडात कवींचं नुसतं पेव फुटलं होतं. राजानं कवितेमागे एक शेला द्यायला सुरुवात केली आणि ज्यांना काल धड पत्र लिहिता येत नव्हतं तेही कवी झाले. मोजून सतरा जण. राजाची मिशी, राजाचा हत्ती, राजाची वामकुक्षी, काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. राजाला पडसं झालं तर त्यावर बावीस कविता झाल्या आणि बाविसांतही नाकाला चाफेकळीचीच उपमा.

भिवाची लेक हौसा वर्षभर दरबाराच्या चौकात फरशी बसवत होती. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते, पण डोळे उघडे होते. हुकूम ऐकून तिनं बापाला धीर दिला, पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"म्हाराज, कवी सांगतील तेवढं समदं पाडव्याला कोरून तयार असंल. फकस्त आमच्या धंद्याची रीत पाळायला हवी."

"कसली रीत?"

"दगडावर काय कोरायचं ते धन्यानं सवता येऊन, दगडावर हात ठिवून, तोंडानं सांगायचं. कारकुनानं ते गेरूनं लिव्हायचं आन् आम्ही कोरायचं. कागदात बघून सांगितल्यालं आम्ही कोरत न्हाई. कागदावर खोडता येतं, दगडावर न्हाई."

राजकवी नीळकंठपंतांनी नाक मुरडलं. "आम्ही का पाठांतर करणारे पोपट आहोत?"

"लेकराचं नाव सांगाया कुणी कागद उघडत न्हाई, पंत," हौसा म्हणाली. "कविता तुमचीच हाय न्हवं?"

पंतांना मान डोलवावीच लागली. राजालाही रीत रास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी सतरा पालख्या कड्याखाली टेकल्या. पंतांनी ऐटीत दगडावर हात ठेवला. "हे नृपते, तुझी कीर्ती चंद्रासारखी..." आणि गाडी अडली. "नव्हे, सूर्यासारखी."

"चंद्र की सूर्य? नक्की सांगा, हात अवघडला माझा," छिन्नी रोखून हौसा म्हणाली.

पंतांनी घाम पुसला. दुसरे कवी पुढं झाले आणि त्यांनी एक आख्खी ओळ म्हटली. तिसरे उसळले, "ही माझी!" चौथे म्हणाले, "तुमची कसली? मी ती दिवाळीत वाचली आहे." ओळ कुणाची हे ठरेना, कारण ती सगळ्यांच्याच पेटाऱ्यात होती. जेवणवेळेपर्यंत प्रकरण पागोट्यांवर आलं. पाडव्यापर्यंतचे सगळे दिवस असेच गेले. हौसा रोज छिन्नीला धार लावून बसायची आणि रोज धारेसकट घरी परतायची.

पाडव्याला राजा लवाजम्यासह कड्यापाशी आला. शिळेवर एक अक्षर नव्हतं.

"हा काय पोरखेळ?" राजा कडाडला. "कुठं आहेत कविता?"

"कवींना सवताचं म्हणून जेवढं आठवलं तेवढं समदं कोरलंय, म्हाराज."

सतरा माना खाली गेल्या.

"मूर्खांनो!" राजा कवींवर गरजला. "वर्षभर मी दरबारात बसून हे सगळं ऐकलं आहे!"

"मग काय अडलंच न्हाई," हौसा हात जोडून म्हणाली. "म्हाराजांनीच दगडावर हात ठिवावा. एक ओळ सांगितली तरी पुरं, आत्ता कोरते."

राजानं हात ठेवला. मिशीवरून बोट फिरवलं, आभाळाकडं पाहिलं, मग आशेनं प्रधानाकडं पाहिलं. प्रधान आपल्या जोड्यांकडं बघत होता. राजाला एक चाफेकळी तेवढी आठवली, पण ती स्वतःच्या तोंडानं सांगायची त्याला लाज वाटली.

"म्हाराज," हौसा हळूच म्हणाली, "जे लिव्हणाऱ्याला आठवंना, ऐकणाऱ्याला आठवंना, ते बिचाऱ्या दगडानं का म्हून ध्यानात ठिवावं?"

राजा असा खदखदून हसला की डोक्यावरचा तुरा हलायला लागला. खाण भिवाच्या घराण्याला कायमची इनाम मिळाली आणि पाडव्याला कवींना द्यायला आणलेले सतरा शेले हौसाच्या खांद्यावर आले.

"आणखी काय हवं, पोरी?"

"कवितांचे ते चार पेटारे द्या, म्हाराज. पावसाळ्यात आमची चूल लवकर पेटत न्हाई."

राजा पुन्हा हसला आणि पेटारे वाहून न्यायला त्यानं ते सतरा कवीच दिले.