हिवरवाडीत मास्तरला खुर्ची उशिरा मिळते

हिवरवाडीच्या शाळेत नवा मास्तर रुजू झाला की त्याला खुर्ची देत नाहीत. आधी त्याला गावामागच्या माळावर नेऊन हातात गोफण देतात. त्याचा धोंडा समोरच्या बांधापलीकडे जाईपर्यंत तो उभ्यानेच शिकवतो. पाहुण्यांना ही चेष्टा वाटते. जुनी माणसे मात्र विसाजीपंतांचे नाव घेतात.

हे पंतोजी तीन गावांत शाळा घालून इथे आले होते म्हणे. तिन्हीकडे पोरे टिकली नव्हती. इथे तर देवळात भरणाऱ्या शाळेत धनगराचा बिरू अक्षरे गिरवायची धुळपाटी पुढ्यात घेऊन बाहेर बघत बसायचा. पंतांनी छड्या मारल्या, कान पिळले, पोरगा ढिम्म. त्याचे बघून बाकीचीही गळू लागली. एका सकाळी वैतागून पंतांनी आपली बैठक गुंडाळली आणि देवासमोर शपथ घेतली, हा पोरगा स्वतःचे नाव लिहीपर्यंत मी बसणार नाही.

बिरूला त्याचे काय! तो यायचाच बंद झाला. पंत उभेच. जेवण उभ्याने, झोप खांबाला टेकून. पाय सुजून टरारले. शपथ मोडावी तर तोंड दाखवायला पाचवे गाव उरले नव्हते. शेवटी छडी घेऊन ते तणतणत रानात गेले. बिरू जोंधळ्यातल्या उंच माळ्यावर, मचाणावर, उभा राहून पाखरे राखत होता.

“तुझ्यापायी मी उभा आहे आणि तू इथे धोंडे फेकतोस? त्याला काय अक्कल लागते?”

“मग मारून दावा की एक.”

पंतांनी छडी टाकून बिरूने वरून फेकलेली गोफण उचलली आणि गरगर फिरवली. पहिला धोंडा मागे गेला. दुसरा पायाशी पडला. तिसऱ्याने त्यांचेच पागोटे उडवले. एवढा शिकलेला माणूस, आणि एक धोंडा सरळ जाईना! त्यांना रडायचेच बाकी राहिले.

बिरू खाली उतरला. छडी त्याच्या पायाशीच पडली होती, पण त्याने पंतांचे मनगट धरले. “घाई करू नगा, पंतोजी. पुन्यांदा.”

पंत नऊ दिवस जात राहिले. ते चुकत, बिरू “पुन्यांदा” म्हणे. बोलता बोलता त्यांना कळले, की त्याचा बाप मेंढरे घेऊन कोकणात उतरलाय आणि पोरगा शाळेत बसला की इकडे पाखरे कणसे रिकामी करतात. म्हणून तो बाहेर बघायचा. आपण त्याला एकदा तरी विचारले होते का, या विचाराने पंतांना स्वतःचीच चीड आली.

दहाव्या दिवशी धोंडा बांधापलीकडे गेला. त्याच दिवशी पंतांनी धुळपाटी माळ्याखाली आणली. त्यानंतर चौथ्या दिवशी तिच्यावर वाकडेतिकडे ‘बिरू’ उमटले आणि पंत तिथेच ढेकळांत बसले, असे सांगतात.

आजही काही मास्तर या प्रकाराने चिडतात, वर अर्ज करतात, बदली मागतात. गाव बधत नाही. पहिल्या आठवड्यानंतर गाव त्यांना एवढेच विचारते, “मास्तर, वर्गात सगळ्यात ढ कोण?” मास्तर बोट दाखवतो. तेच पोर गोफण घेऊन त्याला शिकवायला उठते.